नवव्या फर्म्यानंतर

माझी थोरली जाऊ गेली त्याला आता दीड वर्ष होईल. परवा तिची लेक आली होती. जाताना एक वही आणि दोन पेनं ठेवून गेली. म्हणाली, "काकू, आईबद्दल तुला जे ठाऊक आहे ते लिही. मला ती घरातली माहीत आहे. कामावरची माझ्याहून तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं तू तिच्या शेजारी बसलीस."

मी म्हटलं, "बाई गं, चौथीत शाळा सुटलेली माझी. जोडाक्षर आलं की अजून वाटेत बसून दम खाते मी."

"मग बसत बसत लिही," ती म्हणाली. मायलेकी दोघी अशाच. हट्ट करायचा, पण आवाज चढवायचा नाही.

तर लिहिते. पण जाऊबाईंबद्दल लिहायचं तर एक गोष्ट गाळता येत नाही, आणि ती माझ्या तोंडाला काळं लावणारी आहे. त्यांच्या लेकीला ती माहीत आहे, माझ्या नातवंडांना नाही. त्यांना वाटतं, आजी म्हणजे गरीब गाय. वाचू देत आता.

आम्ही दोघी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला कापायचं यंत्र, एका भिंतीला दाबायचं, आणि मध्ये तीन मोठी टेबलं. छापखान्यातून मोठमोठे ताव यायचे. एका तावावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. ताव घ्यायचा, मधोमध दुमडायचा, मग आडवा, मग पुन्हा, आणि दर घडीवर हाडाची पट्टी फिरवायची. तिसऱ्या घडीला सोळाच्या सोळा पानं आपापल्या जागी सुलटी होऊन बसतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे पंधरा-वीस फर्मे एकावर एक लावले, शिवले, खळ लावली, पुठ्ठा चढवला, की पुस्तक झालं. लिहिणाऱ्याचं नाव वर येतं. आमच्या बोटांना नुसत्या भेगा पडतात.

जाऊबाईंचे पंजे पुरुषासारखे रुंद. पट्टी फिरवताना त्या कागदाकडे बघायच्याही नाहीत. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, एक आकडा येत नव्हता. पण फर्मे लावायचं काम, ज्यात शिकलेल्या बायका चुकतात, ते त्यांच्याकडे होतं. दर फर्म्याच्या खाली बारीक आकडा असतो. तो त्या तोंडावळ्यावरून ओळखायच्या. चार म्हणजे गाठ. सात म्हणजे गळ. नऊ म्हणजे वळलेला कान. "गाठीनंतर कोण येतो, ते मला विचारू नका," म्हणायच्या, "माझ्या हाताला विचारा." सव्वीस वर्षांत त्यांच्या हातचं एक पुस्तक उलटसुलट लागून परत आलं नाही. फोरमन कुणाला चांगलं म्हणायचा नाही. तो दाबयंत्राजवळ उभा असायचा आणि यंत्रासारखंच वागायचा. पण जाऊबाईंचा गठ्ठा तो न उघडता पुढे ढकलायचा. एवढंच त्याचं कौतुक.

कामावर येणाऱ्या सात-आठ बायकांत मलाच तेवढं वाचता यायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी. छपाईत बिघडलेले ताव फोरमन बाजूला टाकायचा. कुठे शाई फासलेली, कुठे पानं तिरकी. ते आम्ही जेवताना डब्याखाली पसरायचो. चांगल्या तावाला जेवणाच्या हाताने शिवायचं नाही, हा तिथला नियम. बोट उमटलं की फोरमन तो ताव तुमच्या नाकासमोर धरून सगळ्यांना दाखवायचा. तेव्हा मी काय करायची, बिघडलेल्यातला एखादा ताव दुमडून घ्यायची आणि जेवता जेवता बायकांना वाचून दाखवायची.

हळूहळू त्याचा रिवाजच झाला. मला पहिला चहा. माझा घसा दुखू नये म्हणून खळ लावणारी बाई, आमची खळवाली, घरून खडीसाखर आणायची. दुपारी माझ्या वाट्याच्या घड्या दोघी-तिघी मिळून उरकून टाकायच्या. "मास्तरीणबाई, बसा," म्हणायच्या. मी बसायची. अवघड शब्द आला तर गाळायची किंवा दुसरा घालायची. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कोण बघायला येतंय?

त्या वर्षी एक कादंबरी बांधायला आली. कपडे धुणाऱ्या बाईच्या मुलीची गोष्ट. मुलगी शाळेत जाते, हुशार निघते, मोठ्या शाळेत जाते, वसतिगृहात राहते, असं सगळं तिच्या मोठं होण्याचं. बायका तिच्यावर फिदा. आमचं नशीब म्हणजे त्या कादंबरीचे बरेच ताव बिघडले. पहिला फर्मा मिळाला, तिसरा मिळाला, पाचवा, सहावा, मग एकदम नववा. मधलं मी जमेल तसं जोडायची. त्यातही फार खोटं नसायचं, कारण पुढच्या तावात मागचं थोडं कळतं.

आता घरचं सांगते. जाऊबाईंची लेक तेव्हा सातवीत. उंच, सरळ, बारीक, म्हणून घरात तिला पेन्सिल म्हणायचे. तिच्या शाळेतल्या बाई एक दिवस घरी आल्या. म्हणाल्या, दुसऱ्या गावी मोठी शाळा आहे, वसतिगृह आहे, हिची तिथे फुकट सोय होईल, मी बोलून ठेवलंय. एक अर्ज दिला. पुढच्या शनिवारपर्यंत आईवडिलांच्या सहीनिशी पोचवा, म्हणाल्या, त्यानंतर ती जागा दुसरीला जाईल.

थोरले दीर म्हणजे विचारलं तरी हो, न विचारलं तरी हो. ठरवायचं ते जाऊबाईंनी. एकुलती एक पोर, आणि ती डोळ्यांआड जायची. अर्ज त्यांनी फळीवर ठेवला.

आणि माझी लेक. ती पेन्सिलहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी दुसरीतून काढली होती. माझ्या धाकट्या मुलाला सांभाळायला कुणी नव्हतं, हे खरं. पण धाकटा मोठा झाल्यावरही मी तिला परत घातली नाही, हेही खरं. तिला खळीच्या टेबलावर बसवली. लोकांना सांगायची, शिकून पोरी काय दिवे लावतात? आता जावेच्या पोरीला न्यायला बाई घरी येतात, आणि माझी पोर हाताला खळ लावून दारात उभी राहून ऐकते. माझ्या पोटात काय झालं ते चांगल्या शब्दात सांगता येणार नाही. वाईट शब्द सगळ्यांना माहीत आहे.

त्याच आठवड्यात नववा फर्मा वाचला. त्यात मुलगी वसतिगृहात आहे. आई गाठोडं घेऊन भेटायला येते, फाटकाशी उभी राहते. मैत्रिणी विचारतात, कोण गं ती? मुलगी म्हणते, आमच्याकडे कपडे धुते. आणि शेवटच्या ओळीत: तिने फाटकाकडे पाठ फिरवली आणि. तिथे फर्मा संपला. वाक्य अर्धंच.

"आणि?" खळवाली म्हणाली.

"आणि काय आणि. पुढचा ताव चांगला निघाला असेल. उद्या बघू."

"अगं आई उभी आहे तिथे उन्हात."

"असेना. कागदातली आहे. वितळत नाही."

बायका हसल्या, पण जाऊबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दहावा फर्मा बिघडलेल्यात नव्हता. मी सरळ म्हणायला हवं होतं, की बायांनो, पुढचं मिळालं नाही. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पहिला चहा माझ्या हातात होता. मी दुसराच कुठला तरी ताव दुमडला, समोर धरला आणि सुरू केलं.

तीन दिवस सांगितलं. मुलीने पाठ फिरवली आणि ती मागे वळली नाही. आई घरी गेली. दुसऱ्याकडून पत्रं लिहून घेतली, एकाला उत्तर नाही. मुलगी मोठी हुद्देदार झाली, नाकाने कांदे सोलू लागली. आई आजारी पडली, धुण्याच्या दगडाजवळच पडली आणि मेली. मुलगी मोटारीतून आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तिला घर सापडेना, शेजारणीला विचारावं लागलं. शेवटचं हे मला त्याच घटकेला सुचलं, आणि खोटं कशाला बोलू, फार आवडलं. खळवाली इतकी रडली की फोरमन बघायला आला, कुणाचं बोट कापलं म्हणून.

जाऊबाई रडल्या नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "धाकटे, पोरगी आधी चांगली होती ना गं? पहिल्या फर्म्यात?"

"होती की."

"आईसाठी पाणी भरून ठेवायची."

"हो."

"मग कशाने बिघडली?"

मी म्हटलं, "शिकून."

एवढाच शब्द. त्याचा अर्थ काय लागेल ते मला माहीत नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. आज वहीत लिहिते आहे, म्हणून खरं लिहिते. माहीत होतं.

अर्ज फळीवर डब्याच्या मागे गेला. पेन्सिल दोनदा म्हणाली, "आई, सही?" जाऊबाई म्हणाल्या, "बघू." तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही.

गुरुवारी दहावा फर्मा माझ्याच टेबलावर घडीला आला. चांगला, स्वच्छ छापलेला ताव. घडी घालता घालता पहिली ओळ दिसली. हात थांबला. "आणि दोन पावलं जाऊन ती परत वळली." मी तो गठ्ठा सगळ्यांत हळू दुमडला. दर तावावर एक-दोन ओळी. दुपारपर्यंत कळलं, मुलगी रडत फाटकाशी गेली, मैत्रिणींना हाक मारून म्हणाली, ही माझी आई. शुक्रवारी उरलेले फर्मे आले. शेवटच्यात मुलगी नोकरीला लागली आहे, आई तिच्याकडे राहायला आली आहे, आणि दोघी पायरीवर बसून भांडताहेत, भाजीत मीठ कुणी जास्त घातलं म्हणून. कादंबरी तिथेच संपत होती. कुणी मेलं नव्हतं.

माझ्या शेजारी हातभरावर जाऊबाई बसल्या होत्या. तोच ताव त्यांच्याही हाताखालून चालला होता. त्या तो सुबक दुमडत होत्या, पट्टी फिरवत होत्या, गठ्ठ्यावर ठेवत होत्या. मी बोलले नाही. बायका हसतील, मास्तरीणबाई गेली म्हणतील, चहा जाईल. एवढ्याशासाठी. आणि त्याच्याखाली ते दुसरं होतंच, पोटातलं.

शनिवारी सकाळी मी पाणी तापवत असताना जाऊबाई माझ्याकडे आल्या. अर्ज हातात होता, नीट घडी घातलेला. सवयच त्यांची.

"धाकटे, मला यातलं काही कळत नाही. तुला अक्षर कळतं. तू पुस्तकं वाचतेस. तूच सांग, पाठवू का?"

माणूस इतकं सरळ विचारतं तेव्हा खोटं बोलायलाही धैर्य लागतं. माझ्यात तेवढंही नव्हतं. मी म्हटलं, "तुमची पोर, जाऊबाई. मी कोण सांगणारी?"

त्यांनी अर्ज आणखी एकदा दुमडला. मग म्हणाल्या, "तेही खरंच." आणि गेल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांडा निदान लाकडाचा असतो.

सातवी संपली तरी गावातल्या शाळेत आठवीला नाव घालायचं जाऊबाईंनी काढलं नाही. पेन्सिल महिन्याभरात कामाला आली. फोरमनने तिला आमच्याच टेबलावर बसवलं, माझ्या दुसऱ्या हाताला. म्हणजे एका बाजूला आई, एका बाजूला लेक, मध्ये मी. रुसली नाही, रडली नाही. आठ दिवसांत घडी शिकली, महिन्यात माझ्याहून जलद झाली. कधी कधी ताव दुमडायच्या आधी तिचे डोळे त्यावरून भरकन फिरायचे, मी सोळा ओळींना जेवढा वेळ लावायची तेवढ्यात सोळा पानं. मग घडी. मी तिच्याकडे बघायचं टाळायची. माझी लेक मात्र खूश होती, जोडीला बहीण आली म्हणून. दोघी डबा एकत्र खायच्या.

मी वाचणं सोडलं. घसा बसतो म्हणून सांगितलं. बायकांनी खडीसाखर वाढवली.

घरी पेन्सिल कधी खिडकीशी जास्त वेळ उभी राहिली की जाऊबाई तिला ती गोष्ट सांगायच्या. माझी गोष्ट. पत्रं, धुण्याचा दगड, शेजारणीला विचारलेला पत्ता. समजूत घालायची ती त्यांची रीत होती. मी भिंतीपलीकडे ऐकत भांडी घासायची. त्या माझ्याहून चांगली सांगायच्या, कारण त्यांचा त्या गोष्टीवर विश्वास होता.

असे दहा महिने गेले. मग त्या कादंबरीचे गठ्ठे परत आले. प्रकाशकाला वरचं चित्र पसंत नव्हतं, पुठ्ठे काढून नवे चढवायचे होते. पुठ्ठा काढलेली सबंध पुस्तकं टेबलावर. जुन्या बायकांनी ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत खळवाली म्हणाली, "अगं, ही आपली धुणेवालीची. काकूचा तर घसा गेला. पेन्सिल, तू शाळेतली. शेवट वाच ना. एकदा रडून घेऊ दे."

एक प्रत फाटून बाद झाली होती, ती तिच्या हातात दिली. पेन्सिलने शेवटाकडची पानं उघडली. मनात वाचू लागली. मी डब्यात बघत होते. पानं उलटल्याचा आवाज आला, एक, दोन, पुन्हा मागे. मग मला कळलं की ती माझ्याकडे बघते आहे. मी वर बघितलं नाही.

तिने वाचायला सुरुवात केली. "आई आजारी पडली. धुण्याच्या दगडाजवळच पडली." माझं. शब्दन् शब्द माझं, आईच्या तोंडून ऐकलेलं. मध्ये योग्य ठिकाणी पान उलटत होती, डोळे ओळीवरून फिरवत होती, एकदा तर अडखळलीसुद्धा. शेजारणीपर्यंत गेली, पुस्तक मिटलं. बायका डोळे पुसू लागल्या.

खळवाली नाक ओढत म्हणाली, "चांगलं वाचतेस गं. पण तुझ्या काकूची सर नाही."

नळावर हात धुताना मी तिला गाठलं. माझ्या तोंडून नुसतं "का गं?" एवढं निघालं.

ती हात चोळत राहिली. "सगळ्यांपुढे काय करणार होते? आणि काकू, आईला सांगू नकोस. आता कळलं तर तिला वाटेल तिने चूक केली. ती जेवायची नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. चौदा वर्षांची पोर मला झाकत होती आणि आईलाही झाकत होती, आणि तिला कुणी झाकलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. तिने माझ्याहून तीन इयत्ता जास्त काढल्या होत्या, आणि बाकीचं ती कुठे शिकली मला माहीत नाही. पाठ फिरवणारी पोर आमच्या घरात होतीच कुठे?

तिचं ऐकलं असतं तर मला सोपं होतं. म्हणूनच ऐकलं नाही. सुट्टी झाल्यावर पोरींना पुढे पाठवलं आणि चालता चालता जाऊबाईंना सांगितलं. सगळं. अर्धं वाक्य, दहावा फर्मा, शनिवारची सकाळ, माझ्या पोटातलंही.

त्या चालतच होत्या. कोपऱ्यावर चाव्या करणाऱ्याचं दुकान होतं, त्याच्या पायरीपाशी थांबल्या.

"आई मरत नाही?"

"नाही."

"मग शेवटी काय करते?"

"भांडतात दोघी. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून."

त्या पायरीवर बसल्या. चावीवाला म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का?" त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मीठ," म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "मीठ." मग उठल्या आणि माझ्या आधी घरी गेल्या.

अकरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा डबा मात्र रोज भरून ठेवायच्या, कारण त्या आठवड्यांत स्वयंपाकाची पाळी त्यांची होती. तो डबा खाणं ही काय शिक्षा आहे ते खाणारीलाच ठाऊक. कामावर हात तसाच चालायचा. फक्त एकदा मी बघितलं, नऊ आकड्याचा गठ्ठा उचलताना त्या थांबल्या आणि तो आकडा बोटाने पुसल्यासारखं केलं.

बाराव्या दिवशी म्हणाल्या, "उद्या फोरमनकडून सकाळची दोन तास सुट्टी घे. शाळेत जायचंय. तू पण."

वसतिगृहाची जागा अर्थातच गेली होती. बाईंची बदली झाली होती. आपल्याच गावातल्या शाळेत आठवीला घ्यायला तयार झाले, पण कार्यालयातल्या कारकुनाने एक लांबलचक कागद पुढे केला. अंगठ्याच्या जागा त्याने खुणा करून दाखवल्या. मग पेनाने एका चौकोनावर टकटक केलं.

"हे भरून द्या. मुलीच्या शिक्षणात वर्षभर खंड का पडला, त्याचं कारण."

पेन्सिलने पेन घ्यायला हात पुढे केला. जाऊबाईंनी तो बाजूला केला.

"हिला लिहू दे," म्हणाल्या. "हिला येतं."

मागे सात-आठ माणसं रांगेत उभी. मी पेन घेतलं. चौकोन अर्ध्या पोस्टकार्डाएवढा असेल, मला मैदानाएवढा दिसला. किती वेळ लागला ठाऊक नाही. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "अहो, कादंबरी लिहिताय का?"

कारकुनाने कागद घेतला, वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. "हे काय लिहिलंय? असं चालत नाही. घरगुती अडचण लिहा, सगळे तेच लिहितात."

"काय लिहिलंय तिने?" जाऊबाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं. "मुलीच्या काकूने पुस्तकाचा शेवट खोटा वाचून दाखवला. खरा कळल्यावर सांगितला नाही. म्हणून आईने पाठवले नाही."

जाऊबाई पेन्सिलकडे वळल्या. "जे आहे तेच वाचलं का यांनी?"

"हो, आई."

"मग राहू दे ते तसंच."

"अहो पण बाई, नियमात..."

"नियमात कारण मागितलंय ना? कारण हेच आहे. दुसरं माझ्याकडे नाही."

त्याने कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला. जाऊबाईंनी अंगठा उमटवला. बोट पुसायला त्यांनी माझ्यापुढे हात केला, मी माझा रुमाल दिला. त्या दिवसापासून पुन्हा पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. पहिलं वाक्य, "चल, उशीर झाला तर फोरमन अर्धा दिवस कापेल."

पेन्सिल वर्षाने मागे राहिली ती राहिलीच. तिच्याहून लहान पोरींत ती शेवटच्या बाकावर पाय दुमडून बसायची. आज ती औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, चांगलं चाललंय. मोठ्या शाळेतून कुठे गेली असती ते मला विचारू नका. ते मी रोज स्वतःला विचारते. जाऊबाई शेवटपर्यंत अंगठाच लावत राहिल्या. तो प्रसंग त्यांनी मला पुन्हा कधी ऐकवला नाही. भांडणातही नाही, आणि आम्ही जावा होतो, भांडलो भरपूर.

एक राहिलं. शाळेत गेलो त्या संध्याकाळी माझी लेक दारात होती. तिने सगळं विचारलं, वर्ग कसा आहे, बाक आहेत का. मग म्हणाली, "माझाही असा कागद असतो का?" ती सोळाची होती. मी म्हटलं, "तुझं काय वय राहिलंय आता?" जाऊबाईंनी त्यानंतर दोनदा मला म्हटलं, मोठ्या मुलींचाही वर्ग भरतो म्हणे, जाऊन तर ये. मी दोन्ही वेळा कामाचं निमित्त सांगितलं. ते सांगताना मला खोटं वाचावंही लागलं नाही.

लेक आता स्वतः आजी व्हायच्या बेतात आहे. काल राहायला आली, वही उघडी बघितली. बोट ओळीवर ठेवून म्हणाली, "आई, यात माझं काही आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

"मग दाखव वाचून."

ती बसली आहे समोर. भाजी निवडते आहे. एवढं लिहून झालं की सुरुवातीपासून वाचायचं आहे.